कुत्र्याने जेवण सोडले तर काय करावे?

फ्रिस्को आणि आसपासच्या गावांतील बऱ्याच मराठी घरांत आता कुत्रा आहे. मुलांच्या हट्टाने आलेले पिल्लू बघता बघता घरातलेच एक होऊन जाते. मग एखाद्या दिवशी ते भरलेल्या वाटीकडे बघते, वास घेते आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसते. घरात एकदम धावपळ सुरू होते. मंडळाच्या कार्यक्रमांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, म्हणून हा लेख. मी पशुवैद्य नाही. सोळा वर्षे घरात कुत्री सांभाळताना आणि त्यांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारताना जे कळले, ते आपल्या घरांच्या दृष्टीने येथे मांडत आहे.

अशा वेळी आपल्या घरांत दोन मते पडतात. एक मत असे की, जनावराला आपले आपण कळते, त्याला लंघन करू द्या, पोट साफ झाले की खाईल. दुसरे मत आजीचे. पिशवीतले कोरडे खाणे त्याला आवडत नाही, म्हणून ती तूप लावलेली पोळी कुस्करून हाताने भरवते. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे, पण दोन्हींत एकच धोका आहे. वेळ निघून जातो आणि आजार झाकला जातो. कुत्र्याला बोलता येत नाही. न खाणे ही त्याची तक्रार सांगण्याची पहिली आणि पुष्कळदा एकमेव रीत असते. म्हणून मनधरणी करण्याआधी घड्याळ पाहावे, हे या लेखाचे सार आहे.

खरोखर जेवण सोडले आहे का?

आधी घरातल्या सर्वांना विचारा: आज याला कोणी काय काय दिले? आपल्याकडे कुत्र्याला भरवणारे हात फार असतात. सकाळी बिस्किट, दुपारी भाजीतला बटाटा, मुलांच्या ताटातला पनीरचा तुकडा. एवढे झाल्यावर संध्याकाळी त्याने वाटीकडे पाहिले नाही तर तो आजारी नाही, त्याचे पोट भरलेले आहे.

दुसरी कारणेही साधी असू शकतात. आदल्या दिवशी लस टोचली असेल तर एक दिवस भूक मंदावते. खाण्याचा ब्रँड अचानक बदलला असेल, घर बदलले असेल, पाहुणे आले असतील किंवा सहा महिने राहिलेले आजी-आजोबा परत गेले असतील, तरी कुत्रा उदास होऊन कमी खातो. आपल्या भागातला उन्हाळाही लक्षात घ्यावा. २०११ साली डॅलस-फोर्ट वर्थ येथे ७१ दिवस पारा शंभर अंश फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेला होता. अशा दिवसांत कुत्रा दुपारी खात नाही, पहाटे किंवा रात्री खातो.

मात्र कुत्रा अन्नाजवळ येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, किंवा एकाच बाजूने चावतो, तर त्याला भूक आहे पण खाता येत नाही. अशा वेळी दात, हिरड्या किंवा घशात अडकलेले काही, असा संशय घ्यावा. ‘खायचे नाही’ आणि ‘खाता येत नाही’ हा फरक डॉक्टरांना जरूर सांगावा, त्यांचे निम्मे काम होते.

किती वेळ थांबावे?

धडधाकट, मोठा कुत्रा एक वेळ जेवला नाही, पण पाणी पितो आहे, शेपूट हलवतो आहे, फिरायला येतो आहे, तर थांबायला हरकत नाही. चोवीस तास पूर्ण झाले आणि त्याने काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना फोन करावा. पिल्लाच्या बाबतीत बारा तासही पुष्कळ झाले. चिवावासारख्या लहान जातीच्या पिल्लांची रक्तातली साखर काही तासांतच धोकादायक इतकी उतरू शकते. लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू खात नसेल, उलट्या-जुलाब होत असतील, तर पार्व्हो हा जीवघेणा रोग असू शकतो, म्हणून त्याच दिवशी दाखवावे. मधुमेही कुत्रा जेवला नाही तर इन्शुलिन देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पाणीही पीत नसेल तर कोणत्याही वयाच्या कुत्र्यासाठी दिवसभर वाट पाहू नये.

घरी काय तपासावे?

ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या ओलसर आणि गुलाबी असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. फिकट, पिवळसर किंवा निळसर हिरड्या हे वाईट लक्षण आहे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच खाली बसली पाहिजे, नाही बसली तर अंगातले पाणी कमी झाले आहे. कुत्र्याचे शरीर आपल्यापेक्षा गरम असते. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे तापमान. १०३ च्या पुढे फोन करावा, १०४ झाले तर सरळ दवाखाना गाठावा. शेवटची शी-शू केव्हा झाली आणि कशी होती, हेही लिहून ठेवावे.

तास न मोजता निघावे, अशी लक्षणे

पोट फुगले आहे, कुत्रा ओकारी काढतो पण बाहेर काही पडत नाही: पोटाला पीळ पडलेला असू शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डोबरमन अशा खोल छातीच्या जातींत हे जास्त होते आणि काही तासांत प्राण जातो.

वारंवार उलट्या, शीतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, झटके, उभे न राहता येणे, लघवी न होणे.

नसबंदी न केलेली कुत्री, महिना-दोन महिन्यांपूर्वी माजावर येऊन गेलेली, खात नाही आणि पाणी मात्र फार पिते: गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा.

पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकून मागचा भाग उंच धरून राहणे: हे पोटदुखीचे लक्षण आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर याकडे विशेष लक्ष द्यावे. चकली, शंकरपाळे, तळण आणि तूप यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि त्यात सर्वांत आधी जेवण सुटते.

आपल्या स्वयंपाकघरातील विषे

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने ते निरुपद्रवी होत नाहीत. म्हणजे आपल्या बहुतेक भाज्या, आमट्या, रस्से बाद. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि सुरक्षित प्रमाण असे काही धरता येत नाही. तेव्हा बेदाणे घातलेला शिरा नैवेद्याचा असला तरी कुत्र्याला नको. २०२१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी यामागे द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, म्हणून चिंच-गुळाची आमटीही टाळावी. चॉकलेट बहुतेकांना ठाऊक असते, पण शुगर-फ्री च्युइंग गम आणि काही पीनट बटरमधील झायलिटॉल त्याहून घातक आहे. त्याने अर्ध्या तासात साखर उतरू शकते.

आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दाणे खाऊन उरलेला दांडा कुत्रे गिळतात आणि तो आतड्यात अडकतो. बागेतली कण्हेर आणि सॅगो पाम ही झाडेही विषारी आहेत.

विष पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. एएसपीसीएचे विषबाधा केंद्र (८८८-४२६-४४३५) आणि पेट पॉयझन हेल्पलाइन (८५५-७६४-७६६१) चोवीस तास उत्तर देतात. दोन्ही ठिकाणी शुल्क पडते. त्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवू नये.

पिशवीतले खाणेही तपासावे. डिसेंबर २०२० च्या अखेरीस आपल्या शेजारच्या ओक्लाहोमात तयार झालेले स्पोर्टमिक्स या नावाचे खाणे बाजारातून परत मागवावे लागले. त्यातल्या मक्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष होते. जानेवारी २०२१ पर्यंत एफडीएकडे ११० हून अधिक प्राणी दगावल्याची नोंद झाली. या विषाने यकृत बिघडते आणि भूक जाणे हे त्याच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असते. म्हणून खाणे डब्यात ओतले तरी मूळ पिशवी आणि तिच्यावरचा लॉट नंबर खाणे संपेपर्यंत जपून ठेवावा.

देशातून आणलेला औषधांचा डबा

हा डबा कुत्र्यासाठी उघडू नये. क्रोसिन आणि डोलो म्हणजे पॅरासिटामॉल, त्याने कुत्र्याचे यकृत बिघडते. ब्रुफेन म्हणजे आयब्युप्रोफेन, त्याने जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे जातात. कॉम्बिफ्लॅममध्ये ही दोन्ही आहेत. कुत्र्यांसाठी वेगळी औषधे आहेत: उलटी थांबवणारे मॅरोपिटंट, आणि २०१६ साली एफडीएने कुत्र्यांसाठी मान्य केलेले भूक वाढवणारे कॅप्रोमोरेलिन. पण कारण शोधल्याखेरीज भूक वाढवण्यात अर्थ नाही, आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

खायला काय द्यावे?

वरच्यापैकी कोणतेही लक्षण नसेल तर चोवीस तासांच्या आत हे करून पाहता येते. त्याचेच नेहमीचे खाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावे, वासाने भूक लागते. नाहीतर गुरगुट्या भात, मीठ-मसाला-तूप काहीही न घालता, आणि त्यात नुसत्या पाण्यात उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी. शाकाहारी घरात कमी स्निग्धांशाचे कॉटेज चीज चालते. दोन-तीन चमचे द्यावे, पंधरा मिनिटांनी वाटी उचलावी. जबरदस्तीने तोंडात घालू नये, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. भात-कोंबडी खाल्ली म्हणजे घड्याळ थांबले असे मात्र समजू नये. दुसऱ्या दिवशीही नेहमीचे खाणे नाकारले तर फोन करावाच. कोरडे खाणे, मग कोंबडी, मग पोळी-तूप, मग श्रीखंड अशी पायरीपायरीने मनधरणी चालली की आजाराचे तीन-चार दिवस त्यात विरून जातात.

आपण देशात, कुत्रा बोर्डिंगमध्ये

डिसेंबरात तीन-चार आठवडे घरी जाणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचे. नव्या जागी कुत्रे पहिला दिवस खात नाहीत, हे नेहमीचे आहे. म्हणून त्याचे नेहमीचे खाणे पुरेल इतके बरोबर द्यावे आणि घरातली वापरलेली चादर द्यावी. पण दुसऱ्या दिवशीही खाल्ले नाही तर काय, हे निघण्याआधी लिहून ठेवावे. हिवाळ्यात फ्रिस्को आणि महाराष्ट्र यांत साडेअकरा तासांचा फरक असतो. इथे दुपारी दोनला निर्णय हवा असेल तेव्हा आपण रात्री दीड वाजता झोपेत असतो. तेव्हा सहीचे एक पत्र बोर्डिंगकडे आणि एक आपल्या डॉक्टरांकडे द्यावे. चोवीस तास न खाल्ल्यास डॉक्टरांकडे न्यावे, अमुक रकमेपर्यंत उपचारांना संमती आहे, त्यापुढे गावातल्या अमुक मित्राला विचारावे, एवढे त्यात असावे. त्या मित्राला आधी विचारून घ्यावे.

खर्चाची बाजू

रात्रीच्या इमर्जन्सीत नुसत्या तपासणीलाच शंभर-दोनशे डॉलर सहज पडतात. रक्ततपासणी, एक्स-रे, सलाईन धरून आकडा हजारावर जातो, शस्त्रक्रिया झाली तर कित्येक हजारांवर. म्हणून लेखी अंदाज मागावा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे विचारावेत. आपली मर्यादा स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. ‘यातली कोणती तपासणी आधी केली तर निर्णय होईल?’ असे विचारावे. चांगले डॉक्टर क्रम लावून देतात.

अमेरिकेत कुत्र्यांचा विमा १९८२ पासून मिळतो, पहिली पॉलिसी लॅसीची भूमिका करणाऱ्या कुत्र्याची होती. विमा घ्यायचा तर पिल्लू निरोगी असतानाच. आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत, आणि आजारपणासाठी साधारण दोन आठवड्यांची प्रतीक्षा असते. बहुतेक ठिकाणी पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे. एचएसए किंवा एफएसएचे पैसे पाळीव कुत्र्यासाठी वापरता येत नाहीत, सेवाप्राणी हा अपवाद. दवाखान्यात मिळणारी बिनव्याजी क्रेडिट कार्डे जपून घ्यावीत. मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागू शकते. दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकणे हा साधा उपाय अजूनही चांगला.

म्हातारा कुत्रा

बारा-तेरा वर्षांचा कुत्रा जेवण सोडतो तेव्हा दात, मूत्रपिंडे किंवा गाठ यांपैकी काही निघू शकते. त्यातले बरेच आटोक्यात ठेवता येते, म्हणून ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. पण सर्व करूनही तो खात नसेल, तर डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली मांडलेली मोजपट्टी डॉक्टरांकडून समजून घ्यावी. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणे-फिरणे आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना गुण द्यायचे असतात. त्याला इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ द्यावे का, हा प्रश्न आपल्या मनाला फार जड जातो. हा निर्णय कोणी कोणासाठी घेऊ शकत नाही. पण तो मध्यरात्री, इमर्जन्सीच्या खुर्चीत बसून घेण्यापेक्षा घरात सर्वांनी, मुलांनाही बरोबर घेऊन, आधी बोलून घेतलेला बरा.

थोडक्यात, फ्रिजवर एक कागद लावा. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन, रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा फोन आणि पत्ता, विषबाधा केंद्राचा नंबर, कुत्र्याचे वजन आणि चालू औषधे त्यावर लिहा. आणि त्याने वाटीकडे पाठ फिरवली की त्याखाली पहिल्यांदा वेळ लिहा.