मॅगझिन काढलं तरी पिस्तुलात गोळी राहू शकते! नवं पिस्तूल घरी आणणाऱ्यांनी हे वाचाच

परवाना मंजूर होतो, दुकानातून नवंकोरं छोटं पिस्तूल घरी येतं आणि घरातले, भावकीतले, मित्रमंडळी म्हणतात, ‘दाखवा की जरा.’ मग मालक मुठीतलं मॅगझिन बाहेर काढतो, ‘रिकामं आहे, घाबरू नका’ म्हणतो आणि पिस्तूल समोरच्याच्या हातात देतो. घोळ होतो तो नेमका इथंच. मॅगझिन बाहेर आलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं होत नाही. एक गोळी आत नळीत बसलेली असू शकते, आणि चाप ओढला की ती सुटते.

गावाकडं पेट्रोल पंप चालवणारे, सोन्याचे दुकानदार, रोख रक्कम घेऊन फिरणारे व्यापारी, ठेकेदार, माजी सैनिक असे अनेक जण स्वसंरक्षणासाठी परवाना काढतात. पूर्वी यातले बरेच जण रिव्हॉल्व्हर घ्यायचे. आता कमरेला कमी जागा घेणारं, चपटं सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल अनेकांना हवं असतं. पण दोन्हींची आतली रचना वेगळी आहे. ती समजून न घेता पिस्तूल बाळगणं म्हणजे घरात धोका आणून ठेवणं.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल: फरक कुठं आहे?

रिव्हॉल्व्हरला गोल फिरणारी चकरी असते. चकरी उघडली की किती घरांत काडतूस आहे आणि किती रिकामी, हे एका नजरेत दिसतं. पिस्तुलात तसं नसतं. काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलत राहते. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागं ओढून सोडला की सगळ्यात वरचं काडतूस पुढं सरकतं आणि नळीच्या मागच्या टोकाला जाऊन बसतं. या जागेला चेंबर म्हणतात.

चाप ओढला की गोळी सुटते. त्याच धक्क्यानं स्लाइड मागं जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येतं. पुढची गोळी सुटायला मात्र चाप पुन्हा ओढावा लागतो, म्हणून हे ‘सेमी’ ऑटोमॅटिक. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ते पूर्ण ऑटोमॅटिक हत्यार. ते सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही.

म्हणजे एक गोळी झाडल्यावर मालकानं काहीही केलं नाही तरी पिस्तूल पुन्हा भरलेलं असतं. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधलं काडतूस जागेवरच राहतं. काही पिस्तुलं मॅगझिन नसताना चालत नाहीत, पण सगळीच तशी नसतात. त्यामुळं त्या भरवशावर राहू नये. सेफ्टीचा खटका लावला म्हणून निर्धास्त होणंही चूक. खटका हा यंत्राचाच एक भाग आहे, तो झिजतो, बिघडतो आणि कधी लावायचाच राहून जातो.

रिकामं करण्याचा क्रम चुकवू नका

क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो उलटा झाला की पिस्तूल पुन्हा भरलं जातं.

१. नळी अशा दिशेला धरा, जिथं गोळी सुटलीच तर कुणाला लागणार नाही. पत्र्याची किंवा कुडाची भिंत गोळी अडवत नाही, पलीकडं माणसं असू शकतात.

२. बोट चापापासून लांब, पिस्तुलाच्या बाजूला सरळ ठेवा.

३. आधी मॅगझिन बाहेर काढा आणि बाजूला ठेवा.

४. त्यानंतर स्लाइड पूर्ण मागं ओढा. चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते बाहेर पडेल. दोन-तीन वेळा ओढा.

५. स्लाइड मागं अडकवून ठेवा, उजेडात चेंबरमध्ये बघा आणि करंगळी घालून चाचपा. मॅगझिनची जागाही रिकामी आहे का, ते बघा.

मॅगझिन आत असताना आधी स्लाइड ओढली, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं लगेच आत जातं. बाहेर पडलेलं काडतूस बघून माणूस समजतो की झालं रिकामं. पण ते पुन्हा भरलेलं असतं. त्यामुळं पिस्तूल हातात घेताना, दुसऱ्याच्या हातात देताना, साफ करायला बसताना, दर वेळी हा क्रम पहिल्यापासून करायचा. समोरच्यानं आत्ताच तपासलंय म्हटलं तरी आपण पुन्हा तपासायचं. यात कुणाचा अपमान होत नाही.

चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर लगेच नळीत डोकावू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा. काही वेळा काडतूस उशिरा पेटतं.

कमरेला नुसतं खोचू नका

छोटं पिस्तूल पँटीत किंवा धोतराच्या कमरेला तसंच खोचायची सवय घातक आहे. खाली बसताना, गाडीवर टांग टाकताना कापडाचा पदर किंवा किल्ली चापात अडकू शकते. चाप पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलसाठी बनवलेलं कडक होल्स्टर वापरावं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्येच आणि झाकलेलं असलं पाहिजे. पिस्तूल हातातून निसटलं तर ते हवेत झेलायला जाऊ नये. झेलताना बोट चापावर जातं.

घरात ठेवायचं कुठं?

उशीखाली, गादीखाली, धान्याच्या कोठीत, देवघरामागं किंवा लोखंडी कपाटात साड्यांखाली पिस्तूल ठेवलं की ते लपलं, असं मोठ्यांना वाटतं. पण घरातली पोरं सगळ्या जागा हुडकतात. पोराला खेळण्यातली बंदूक आणि खरं पिस्तूल यातला फरक कळत नाही, आणि चाप ओढायला फार ताकद लागत नाही.

म्हणून रिकामं पिस्तूल भिंतीला किंवा फरशीला बोल्टनं पक्कं केलेल्या कुलपाच्या पेटीत ठेवावं. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि किल्ली मालकाकडेच असावी. घरात कुणी दारू पिऊन भांडतं, कुणी कर्जामुळं किंवा आजारपणामुळं खचलेलं आहे, अशा दिवसांत पिस्तूल घरात नसलेलंच बरं. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडं जमा करून ठेवता येतं. त्याची पावती मिळते आणि नंतर शस्त्र परत घेता येतं.

मोबाईलवर दिसतं ते इथं मिळत नाही

व्हिडिओत दिसणारी बरीच छोटी परदेशी पिस्तुलं, जसं की ग्लॉक, ९ एमएमची असतात. भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे. लष्कर आणि पोलीस तो वापरतात, पण नेहमीच्या परवान्यावर तो मिळत नाही. सामान्य परवान्यावर पिस्तूल मिळतं ते बहुतेक पॉइंट ३२ बोअरचं. सरकारी कारखान्यात बनणारं ‘अशनी’ हे त्यातलंच एक. नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात अनेक वर्षांपासून बंद आहे. त्यामुळं ‘इम्पोर्टेड, नवं, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

आणखी एक गोष्ट. रिव्हॉल्व्हरचं पॉइंट ३२ आणि पिस्तुलाचं पॉइंट ३२ ही काडतुसं वेगवेगळी आहेत. पिस्तुलाच्या काडतुसाला ७.६५ एमएम असंही म्हणतात. आकडा सारखा दिसला म्हणून एकाचं काडतूस दुसऱ्यात घालू नये. पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांवर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं असतात. पण खोक्यावर पिस्तुलाचं की रिव्हॉल्व्हरचं हे वाचूनच घ्यावं. किती काडतुसं घेता येतील, हा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो.

परवान्याचे नियम थोडक्यात

शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्यात २०१९ मध्ये मोठे बदल झाले. अर्जदाराचं वय किमान २१ वर्षे लागतं. जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी देतात, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. त्याआधी स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल जातो. जिवाला धोका नेमका काय, हे सांगावं लागतं. अर्ज केला म्हणजे परवाना मिळालाच, असं नाही. नाकारल्यास अपील करता येतं.

परवान्याची मुदत पूर्वी ३ वर्षांची होती, आता ती ५ वर्षांची आहे. एका व्यक्तीला पूर्वी ३ शस्त्रं ठेवता यायची, २०१९ च्या बदलानंतर जास्तीत जास्त २. परवाना कोणत्या भागापुरता आहे, हेही त्यावर लिहिलेलं असतं. फक्त जिल्ह्यापुरता परवाना असेल तर शेजारच्या जिल्ह्यात पिस्तूल नेणं हा गुन्हा ठरू शकतो. परवान्याची मुदत संपली की तेच शस्त्र बेकायदा होतं. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड होऊ शकतो. गावठी कट्टा स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्यालाही हाच कायदा लागतो.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. मुलगा, भाऊ किंवा ड्रायव्हर यांना ‘जरा घेऊन जा’ म्हणून पिस्तूल दिलं, तर नेणारा अडकतोच, पण देणाराही अडकतो. निवडणुकीच्या काळात छाननी समिती ज्यांची शस्त्रं जमा करायला सांगते, त्यांनी ती वेळेत जमा करावीत आणि पावती जपून ठेवावी. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं.

हळद, वरात आणि स्टेटस

हळदीत, वरातीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा प्रकारे केलेल्या गोळीबारासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हवेत गेलेली गोळी हवेत राहत नाही, ती कुठंतरी खाली येते. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात पिस्तूल नेऊ नये, ही परवान्याचीच अट असते.

पिस्तूल हातात धरून व्हॉट्सॲप स्टेटस किंवा रील टाकणाऱ्यांवर पोलिसांची नजर असते. दहशत पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला तर परवाना रद्द होऊ शकतो. शिवाय घरात शस्त्र आहे हे चोरट्यांनाही कळतं.

मोटारचोर पळाला, रानडुक्कर आलं, मग?

परवाना म्हणजे गोळी झाडायची परवानगी नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, पण तो धोका असेपर्यंत आणि धोक्याच्या प्रमाणातच वापरता येतो. विहिरीवरची मोटार चोरून पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडली, तर मालकच आरोपी होऊ शकतो. रानडुक्कर किंवा बिबट्यासाठीही पिस्तूल वापरायचं नाही. वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी लागते.

पावसाळ्यात जपा

पावसाळ्यात चामड्याचं होल्स्टर ओल धरून ठेवतं आणि त्यात ठेवलेल्या पिस्तुलाला गंज चढतो. त्यामुळं रात्री पिस्तूल होल्स्टरमधून काढूनच पेटीत ठेवावं. साफ करून, कोरडं पुसून, शस्त्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. तेल जास्त झालं तर धूळ चिकटते आणि स्लाइड अडकते. हिरवट पडलेली, दबलेली काडतुसं वापरू नयेत आणि ओली काडतुसं चुलीजवळ वाळवू नयेत. ती दुकानदाराला किंवा पोलिसांना दाखवावीत. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करावी, गावातल्या लोहाराकडून नाही.

वडिलांचं पिस्तूल मुलाला मिळतं का?

आपोआप मिळत नाही. परवानाधारकाचं निधन झालं तर शस्त्र आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करावं आणि वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करावा. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्राला २५ वर्षे झाली, तर हयातीतही वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. पण वारस पात्र आहे का, हे प्रशासन तपासतं.

धंदा बंद झाला, वाद मिटला, धोका उरला नाही, तर पिस्तूल दुकानदाराला रीतसर विकून परवाना परत करता येतो. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट रोज रात्री चेंबर तपासायची, किल्ली सांभाळायची आणि पोरांवर डोळा ठेवायची जबाबदारी संपते. ज्याला ती जबाबदारी रोज पेलायची आहे, त्यानंच पिस्तूल घरी आणावं.