कॅनडातील मुलांकडे जाताना : पालकांपुढील तीन मार्ग

मुलगा कॅनडात स्थिरावतो, नातवंड जन्माला येते आणि गावातील घरी फोन येतो, "आई, आता इकडेच ये." यातील 'इकडेच' या शब्दाचा अर्थ घरातील प्रत्येक जण निराळा लावतो. मुलाला वाटते, आई कायमची येणार. आईला वाटते, बाळ थोडे मोठे झाले की परतायचे. कायद्याच्या दृष्टीने मात्र भेटीस जाणे आणि कायमच्या वास्तव्यास जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्ज भरण्यापूर्वीच याचा उलगडा व्हावा.

पहिला मार्ग नेहमीच्या व्हिजिटर व्हिसाचा. या व्हिसावर साधारणतः सहा महिने राहता येते. मुदत वाढवून हवी असल्यास ती संपण्याच्या किमान तीस दिवस आधी तेथूनच अर्ज करावा. अल्पकाळच्या भेटीसाठी हा मार्ग पुरेसा आहे.

दुसरा मार्ग सुपर व्हिसाचा. ही सोय डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाली. प्रारंभी एका खेपेस दोन वर्षे राहता येत असे. ४ जुलै २०२२ पासून ही मर्यादा पाच वर्षांची झाली. व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळू शकतो व त्या काळात अनेकदा ये-जा करता येते. मात्र निमंत्रण देणारे मूल किंवा नातवंड कॅनडाचे नागरिक वा पीआर असावे लागते. मूल अद्याप शिक्षणासाठी किंवा वर्क परमिटवर असेल, तर हा मार्ग खुला नाही. मुलाचे निमंत्रणपत्र, ठरावीक उत्पन्नाचा पुरावा, पालकांची वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्यविमा आवश्यक असतो. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब यांसारखे पूर्वीचे आजार त्यात समाविष्ट आहेत काय, हे अवश्य वाचावे. पुष्कळदा खर्चाचा खरा प्रश्न तेथेच उद्भवतो.

तिसरा मार्ग मुलाने आईवडिलांना कायमच्या वास्तव्यासाठी प्रायोजित करण्याचा. यात मुलाला तीन वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते आणि पालकांच्या निर्वाहाची वीस वर्षांची (क्वेबेक प्रांतात दहा वर्षांची) हमी द्यावी लागते. जागा मर्यादित असतात. २०२१ ते २०२५ या वर्षांतील निमंत्रणे २०२० मध्ये नोंदवलेल्या नावांतूनच काढली गेली. म्हणून केवळ या मार्गावर भिस्त ठेवून बेत आखू नये.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सुपर व्हिसावर पाच वर्षे राहिले, तरी पालक पाहुणेच राहतात. त्यांना नोकरी करता येत नाही, प्रांताच्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ सहसा मिळत नाही आणि मुक्काम वाढला म्हणून पीआरचा हक्क प्राप्त होत नाही. त्यामुळे व्हिसा हाती आला म्हणून येथील घर, वाडी विकण्याची घाई करू नये.

अर्जात काहीही लपवू नये. आजार, पूर्वी नाकारलेला व्हिसा, जाण्याचा हेतू, सारे खरे लिहावे. खोटी माहिती उघडकीस आल्यास पाच वर्षे कॅनडाची दारे बंद होऊ शकतात. नियम वेळोवेळी बदलतात. अर्जापूर्वी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर खातरजमा करावी.

आणि मुलांनो, अर्ज भरण्याआधी आईला एकदा निवांत विचारा, तिला किती दिवस राहायचे आहे? तिचे उत्तर मिळाले, की तीनपैकी कोणता मार्ग योग्य, हे ठरवणे सोपे जाईल.