दमाची शिल्लक

कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूस एका दमात, ३० सेकंदांच्या आत, गडी टिपून परतावे लागते. अशा वेळी तंबाखूची चिमूट तोंडात धरली की अंगात जोर येतो, असे सांगणारे लोक भेटतात. तीत धूर नाही, मग दमास अपाय कसला, असेही ते विचारतात.

हा जोर कोठून येतो, ते पाहू. तंबाखूत निकोटीन नावाचे विषारी द्रव्य असते. तंबाखू चुन्याबरोबर मळली म्हणजे ते गालाच्या आतील नाजूक अस्तरातून अधिक वेगाने रक्तात शिरते. त्यासाठी धुराची गरज नसते. त्याबरोबर हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब चढतो. खेळाडू स्वस्थ बसलेला असतो. त्याचे हृदय मात्र धावू लागलेले असते. ठोक्यांच्या वेगाला मर्यादा आहे. म्हणून अखेरच्या चढाईसाठी राखावयाचे बळ खेळापूर्वीच खर्ची पडू लागते. शिल्लक मोडून सण साजरा करावा, तसाच हा प्रकार होय.

पुढे सवय जडते. पुडी जवळ नसली की जीव कासावीस होतो आणि खेळावरचे लक्ष उडते. मुखाचा कर्करोग हे तर या व्यसनाचे सर्वांत भीषण फळ. लोकांच्या आरोग्यासाठीच महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली.

मुलांनो, खरा दम पुडीत मिळत नाही. पहाटेचे धावणे, दंडबैठका, सकस भाकरी आणि शांत झोप यांनी तो हळूहळू साठतो. ती शिल्लक जपा.