विरजणातले जीव

पोट्टे हो, काल आजीनं दुधाला विरजण लावलं तेव्हा तुमच्यातल्या एकानं विचारलं, त्या चमचाभर दह्यात असतं तरी काय? त्यात कोट्यवधी जिवाणू असतात. लॅक्टोबॅसिलस हे त्यातलं नावाजलेलं घराणं. त्यांना ऊब आवडते, म्हणून आपल्या नागपूरच्या मे महिन्यात सकाळी लावलेलं विरजण दुपारच्या पानात दही होऊन येतं. याच घराण्याचे भाऊबंद आपल्या आतड्यातही नांदतात. आतड्यातल्या साऱ्या जिवाणूंची संख्या आपल्या शरीरातल्या पेशींच्या जवळपास भरते!

हे जिवाणू आजारी माणसाच्या कामी येतात का, ते पाहायला आता आपल्या मानेवाडा रोडवरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आठवा. गावोगावचे लोक तिथं केमो घ्यायला येतात. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोतलं एक जुनं औषध, पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी ते मारतं. कॅन्सरच्या पेशी तशाच, पण हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही तशाच, आणि दर चार-पाच दिवसांनी नवं होणारं आतड्याचं अस्तरही तसंच. मग नातेवाईक काळजीनं सांगतात, "काउंट पडले," म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या.

पडलेले काउंट परत चढतात कसे? आखाड्यात पहिलवान जोर करतो तो जोडीदाराबरोबर. जोडीदार नसेल तर अंग सुस्तावतं. आतड्याच्या भिंतीआड आपल्या रोगप्रतिकारक पेशींची दाट वस्ती आहे आणि जिवाणू त्यांचे रोजचे जोडीदार. ते तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात, त्यावर अस्तराच्या पेशी पोसतात. जिवाणूंच्या चाहुलीनं आयजीए ही प्रतिपिंडं पाझरतात, आणि मगजालाही पेशी घडवण्याचा सांगावा जातो. प्रयोगशाळेत सायक्लोफॉस्फमाइड देऊन उंदरांची प्रतिकारशक्ती पाडली आणि मग त्यांना लॅक्टोबॅसिलस चारले, तेव्हा अनेक प्रयोगांत पांढऱ्या पेशी लवकर सावरल्या, आक्रसलेली प्लीहाही भरून आली. मला यातलं नवल वाटतं ते असं, की एवढासा जीव स्वतः लढत नाही, दुसऱ्याला उभं करतो.

माणसांतही खुणा दिसल्या आहेत. न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर हॉस्पिटलमधल्या मगज-प्रत्यारोपणाच्या रुग्णांची रोजची नोंद 2020 साली प्रसिद्ध झाली. आतड्यात कोणते जिवाणू आहेत, यावर पांढऱ्या पेशींची चढउतार काही अंशी अवलंबून असल्याचं त्यात आढळलं. पण उंदरांइतका पक्का पुरावा माणसांत अजून हाती नाही.

आणि पोट्टे हो, हे नीट ऐका. काउंट तळाला असतात तेव्हा आतड्याचं अस्तरही फाटकं असतं. अशा वेळी एरवीचा गुणी जिवाणूसुद्धा रक्तात शिरून ताप आणू शकतो. तसं क्वचित घडलेलं आहे. म्हणून केमो चालू असलेल्या माणसाकडे मायेनं घरचं दही, आंबील किंवा प्रोबायोटिकची पुडी नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.