विश्लेषण : बाबांची जुनी स्कूटर मोडीत का काढवत नाही? आणि ठेवायची तर काय करावे लागते?

मुकुटबनच्या रस्त्यांवर आज सिमेंट कारखान्याचे ट्रक, टिप्पर आणि नव्या मोटारसायकलींची वर्दळ असते. तरीही झरी जामणी तालुक्यातील या गावात, किंवा अशा कुठल्याही गावात, एखाद्या घराच्या सपरीत ताडपत्रीखाली जुनी चेतक, लुना किंवा राजदूत उभी दिसते. ती कित्येक वर्षांत सुरू झालेली नसते. कबाडी दारावर येतो, वजनाचा भाव सांगतो आणि घरातले कुणीतरी म्हणते, ‘राहू द्या.’ गाडी ज्यांच्या नावावर आहे, ते अनेकदा हयात नसतात. ही गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हा प्रश्न मनाचा वाटतो. पण त्याला कायद्याची आणि खर्चाचीही बाजू आहे.

जुन्या वस्तूंची ओढ का वाटते?

या ओढीसाठी जगभर वापरला जाणारा ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहान्नेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ मध्ये तयार केला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर गेलेल्या माणसांचे झुरणे हा त्याच्या लेखी एक आजार होता. आज मानसशास्त्र तसे मानत नाही. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की गतकाळ आठवल्याने आपल्या माणसांशी जोडलेले असल्याची भावना वाढते. दुसरी बाब वयाची. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी पुढे आयुष्यभर अधिक ठळक राहतात. म्हणून पन्नाशी-साठीतल्या माणसाला जुनी फटफटी दिसली, की तिच्यावर बसलेला तो स्वतः आठवतो, मागे बसलेला मित्र आठवतो. यंत्र हे निमित्त असते.

कबाड्याचा भाव पटत का नाही?

डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना साधे मग देण्यात आले आणि ते विकायला सांगितले. मग हाती आलेल्यांनी मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. नुकत्याच मिळालेल्या मगाची ही गत, तर ज्या स्कूटरवर मुलांना शाळेत सोडले आणि गॅसचे सिलिंडर आणले, तिचे काय! कबाडी लोखंडाचा भाव करतो. घरच्यांच्या मनातला हिशेब वेगळा असतो.

याच गाड्या का आठवतात?

एक कारण म्हणजे त्या सहज मिळत नव्हत्या. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणारी बजाज चेतक १९७२ मध्ये आली. तिच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली आणि कमी पगाराच्या घरातही इंजिनाचे वाहन शिरले. तरुणांची लाडकी यामाहा आरएक्स १०० बनली फक्त १९८५ ते १९९६ या काळात. दुसरे कारण म्हणजे या गाड्या मालकाला कळत. सुरू होत नसेल तर चेतक एका बाजूला कलती करायची, प्लग काढून पुसायचा, क्लचची वायर तुटली तर डिकीतली दुसरी टाकायची. आजच्या गाडीतला बिघाड शोधायला संगणक लागतो. जुनी गाडी मालकाच्या हाताने दुरुस्त होत असे, म्हणून ती अधिक ‘आपली’ वाटते.

कंपन्यांनी ही ओढ कशी ओळखली?

जुने नाव आणि रूप ठेवून आत नवे तंत्र घालण्याचा मार्ग त्यांनी धरला. सारेगामाच्या ‘कारवां’ने २०१७ मध्ये जुन्या रेडिओच्या रूपात पाच हजार गाणी भरून दिली. जावा मोटारसायकल २०१८ मध्ये परतली. चेतक २०२० मध्ये आणि लुना २०२४ मध्ये विजेवर धावू लागली. ज्यांना फक्त ते रूप हवे आहे, त्यांच्यासाठी ही सोय आहे. बाबांचा हात लागलेले हँडल मात्र दुकानात मिळत नाही.

जुनी गाडी म्हणजे ‘विंटेज’ का?

नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकीच विंटेज ठरते. तिच्या नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा असते. गावातल्या बहुतेक गाड्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आहेत. सर्वांत जुनी आरएक्स १०० देखील २०३५ मध्ये पन्नाशी गाठेल.

मग इतर जुन्या गाड्यांचे काय?

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मधील सुधारणेनुसार २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलीसाठी हे शुल्क दोन हजार, तर कारसारख्या हलक्या वाहनासाठी १० हजार रुपये झाले. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. दिल्ली परिसरातील १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांबाबतचे निर्बंध महाराष्ट्रात लागू नाहीत. त्यामुळे ‘पंधरा वर्षे झाली, आता गाडी बाद’ ही समजूत चुकीची आहे.

मालक हयात नसेल तर?

इथेच बहुतेक घरे अडतात. नियमानुसार मृत्यूची माहिती ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतरण मागायचे असते. दुःखाच्या दिवसांत स्कूटरचे कागद कुणाला आठवतात? मग वर्षे उलटतात, नोंदणी संपते, विमा कधीच संपलेला असतो. नंतरही यवतमाळच्या कार्यालयात अर्ज करता येतो, पण दंड आणि हेलपाटे वाढतात.

ठेवायची तर कशी?

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप आणि वॉशर बदलून घ्यावेत. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल लागते, हे नव्या पिढीला सांगावे लागते. हे काम येणारा मिस्त्री जवळपास आहे का, हे आधी पाहावे. सुटे भाग मिळतील, तो हात मिळणे अवघड.

सोडायची तर?

नुसती कबाड्याच्या हातगाडीवर चढवू नये. नोंदणी रद्द झाली नाही, तर कागदावर गाडी त्याच नावावर राहते. अधिकृत मोडीत केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या वाहनाच्या करात सवलत घेता येते.

मुंबईत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे बाद झाली, तेव्हा किमान एक तरी जपावी अशी मागणी झाली. यवतमाळ जिल्ह्यातील माणसांना तर ‘शकुंतला’ आगगाडी आठवते. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली ही गाडी पुन्हा सुरू व्हावी, अशी मागणी आजही होते. ते निर्णय सरकारी कचेऱ्यांत होतात. सपरीतल्या स्कूटरचा निर्णय मात्र घरातच होतो. त्यासाठी पहिले काम एकच : पेटीतले जुने आरसी बुक शोधायचे आणि त्यावरचे नाव व तारीख पाहायची.