गोंदूरची धावपट्टी आणि पडद्यावरचं खरं

मागच्या वेळी आपला प्रामाण्याचा प्रश्न अर्धा राहिला होता. ज्ञान खरं आहे हे ठरतं कशावरून, हा तो प्रश्न. आज तो पुढे न्यायचा आहे, पण सुरुवात विमानापासून करतो. हसू नका. तत्त्वज्ञानाच्या माणसाला विमानातलं काय कळणार? मला जे कळतं ते नातवामुळे.

नातू धुळ्याला असतो. संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवतो, म्हणजे घरबसल्या विमान उडवण्याचा सराव. दिवाळीत गेलो तेव्हा त्याने मला गोंदूरच्या विमानतळावरून उडवून आणलं. खाली पांझरा, पलीकडे लळिंगचा डोंगर, मधून जाणारा आग्रा रोड. मी म्हणालो, "वा! अगदी हुबेहूब." तो म्हणाला, "आजोबा, घरं बघा ना." बघितलं तर घरांना उतरती लाल छपरं, परदेशातल्या चित्रांत असतात तशी. आपल्याकडे कुठली आलीत? आपल्याकडे धाबं, पत्रा, नाहीतर स्लॅब. त्याने यासाठी एक वहीच घातली होती. एका बाजूला पडद्यावर काय दिसतं, दुसऱ्या बाजूला जागेवर काय आहे. मला वाटलं, हा तर आपलाच धंदा करतोय!

ही दृश्यं येतात कुठून, ते आधी पाहू. जमिनीचा रंग येतो उपग्रहाच्या किंवा विमानातून काढलेल्या फोटोंतून. उंचसखलपणा बऱ्याचदा एका जुन्या मोजणीतून येतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवस रडार फिरवून पृथ्वीचा बराचसा भाग मोजला. त्यात साधारण दर ३० मीटरला एक उंची मिळते. जळगावच्या धावपट्टीची रुंदीच ३० मीटरच्या आसपास, म्हणजे तिच्या वाट्याला उंचीच्या ठिपक्यांची जेमतेम एक ओळ. मधलं सगळं अंदाजाने भरलेलं. आणि घरं? ती बरीचशी यंत्र स्वतःच रचतं. फोटोत छपराचा चौकोन दिसला की इथे घर असणार असं धरून साच्यातलं एक घर ठेवून देतं. साचा परदेशातला, म्हणून छप्पर परदेशातलं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला, तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे. मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत लोकांना आभाळात घुसणारा, सुईसारखा मनोरा दिसला. कोणीतरी खुल्या नकाशात एका इमारतीचे मजले भरताना २ ऐवजी २१२ लिहिले होते. यंत्राने बिचाऱ्याने २१२ मजले बांधून दिले! जगभर हसू झालं.

पण ती चूक सापडली का? ती हास्यास्पद होती म्हणून, आणि बघणारे पुष्कळ होते म्हणून. २ चे ३ झाले असते तर? आणि मेलबर्नऐवजी गोंदूर असतं तर? जळगावला प्रवासी विमानं येतात, तिथली अधिकृत मोजमापं प्रसिद्ध होतात, त्यांच्याशी पडदा ताडून पाहता येतो. तिथल्या धावपट्टीचे आकडे ०९ आणि २७. म्हणजे होकायंत्राने एका टोकाकडून तोंड साधारण ९० अंशांना, पूर्वेला; उलट बाजूने २७० ला. पडद्यावरचं होकायंत्र तसं दाखवतंय का, हे दोन मिनिटांत कळतं. गोंदूर, शिरपूर या प्रामुख्याने सरावाच्या धावपट्ट्या. तिथे बाहेरच्यांची नजर कमी पडते, आणि चूक निवांत नांदते.

इथे मीमांसक आणि नैयायिक यांचं भांडण आठवा. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण. बाध येईपर्यंत ते खरंच धरायचं. आपण सगळे पडद्यासमोर मीमांसक असतो. नैयायिक म्हणतात, नाही, खरेपणा बाहेरून ठरतो. पाणी दिसलं, गेलात, प्यालात, तहान भागली, मग ते पाणी खरं. याला ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात, म्हणजे कृती फळाला येणं.

मी नातवाला हेच सांगायला गेलो. म्हटलं, तू गोंदूरला उतरलास, चाकं टेकली, म्हणजे धावपट्टी बरोबर आहे. तो म्हणाला, "आजोबा, पण मी पडद्यावरच्याच धावपट्टीवर उतरलो ना!" मी गप्प. स्वप्नातल्या पाण्याने स्वप्नातली तहान भागतेच, ही शंका आपल्याकडे फार जुनी आहे. पोराने ती चहा पिता पिता काढली. पडताळा हवा तर साक्षीदार वेगळ्या घरचा हवा. ज्या फोटोवरून दृश्य बनलं त्याच फोटोशी ते ताडून पाहिलं, तर झालं काय? आरोपीलाच साक्षीला उभं केलं.

वेगळ्या घरचे साक्षीदारही सांभाळून घ्यावे लागतात बरं का. जुन्या सर्वेक्षणाचे नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले, आणि आजचं जीपीएस दुसऱ्या आकारावर. तोच अक्षांश-रेखांश न बदलता उचलला तर आपल्या भागात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. धावपट्टी थेट शेजारच्या कपाशीत! दोन्ही साक्षीदार प्रामाणिक, पण भाषा वेगळी.

आता खरा अवघड भाग. वहीत एके ठिकाणी लिहिलं होतं, 'धावपट्टीच्या पुढे मोकळं शेत, तारा नाहीत.' मी विचारलं, हे कशावरून? म्हणे, फोटोत नाहीत. इथे मात्र मी शिक्षक झालो. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण अट आहे: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विजेची तार बोटाएवढी जाड. उपग्रहाच्या फोटोला ती अंधाऱ्या खोलीतला घडाच. फार तर मनोऱ्याची सावली सापडेल, आणि तेही मग अनुमान झालं.

हा शब्दच्छल नव्हे. गोंदूरला, शिरपूरला, जळगावला पोरं विमान शिकतात, आणि त्यांतलं कोणी रात्री घरी पडद्यावर तोच परिसर डोळ्यांत साठवत असेल. इंजिन बंद पडलं तर कुठल्या शेतात उतरायचं, हेही मनात ठरवत असेल. पडद्यावरचं घर लाल छपराचं असलं तर कोणाचं बिघडत नाही. शेत मोकळं दाखवलं आणि वरून तारा गेलेल्या असल्या, तर काय होईल ते सांगायला नको.

नंतर एका रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. कुंपणाबाहेरच्या रस्त्यानेच, आणि फोटो न काढता. त्याने खांब मोजले, मी तारीख-वार लिहिला. तारीख महत्त्वाची. श्रावणातलं हिरवं खान्देश आणि वैशाखातलं करडं खान्देश एकाच फोटोत मावत नाही, आणि खांब तर वर्षभरात नवे उभे राहतात. घरी येऊन त्याने वहीत तिसरा रकाना आखला. 'आहे', 'नाही', आणि 'इथून दिसू शकत नाही'. तूर्त हा तिसरा रकानाच सर्वांत लांब आहे. संक्रांतीनंतर जळगावला, कुसुंब्याच्या बाजूला जायचं ठरलंय.