शीवचे पाणी आणि उद्याचे नगर

गावाची शीव म्हणजे काय, हे खेड्यातील मुलास निराळे सांगावे लागत नाही. मुंबईतील शीव या ठिकाणाचे नावही त्याच अर्थाचे आहे. येथे मुंबई बेट संपे व खाडीपलीकडे साष्टी लागे. गव्हर्नर डंकन यांच्या कारकिर्दीत (1795 ते 1811) शीव व कुर्ला यांना जोडणारा बांध घातला गेला. पुढे भरणी होत गेली, खाजणे बुजली व पाण्याची शीव नकाशावरून पुसली गेली. पाण्याच्या स्मरणातून मात्र ती पुसली गेली नाही.

26 जुलै 2005 रोजी याचा दारुण प्रत्यय आला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्यास अवघा 73. मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. पण भरणी व बांधकामे यांमुळे तिचे पात्र आवळले गेले होते. त्यातच समुद्रास भरती होती. शेकडो माणसे प्राणास मुकली. शहराची जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. शिवाय भरतीच्या वेळी अनेक गटारांची तोंडे समुद्राच्या पातळीखाली जातात. मग पाण्याने जावे कोठे?

उत्तर तिहेरी आहे. पाणी मुरू द्यावे, थोपवून धरावे आणि त्याला वाट मोकळी ठेवावी. परळच्या हिंदमाता भागात आता भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. पावसाचे पाणी तेथे साठवून भरती ओसरल्यावर सोडता येते. शीव व धारावी यांच्या लगत, जुन्या कचराभूमीवर, झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले. ते 1994 साली खुले झाले. त्याच्या शेजारच्या खाडीतील तिवरे लाटांचा जोर मोडतात व गाळ धरून ठेवतात. उद्याचे नगर नुसत्या पंपांवर उभे राहणार नाही. त्याला अशी माती व अशी झाडे हवीत. मात्र नाल्याकाठच्या गरिबांना हलवायचे, तर त्यांच्या रोजगाराजवळच घर दिले पाहिजे. एरवी ते नगर कोणासाठी?

हा पाठ वर्गात पुढीलप्रमाणे घ्यावा. दोन पराती सारख्या कलत्या ठेवाव्यात. एकीत गवतासह मातीचे ढेकूळ पसरावे, दुसरी रिकामी ठेवावी. दोहोंत एकेक तांब्या पाणी ओतावे व कोठून किती आणि केव्हा वाहून येते, हे मुलांनी पाहावे. नंतर एका नळीचे खालचे तोंड बादलीतील पाण्यात बुडवून वरून पाणी ओतावे. बादली भरत जाईल तसतसा नळीतील प्रवाह मंदावतो. भरतीचे कोडे मुलांना आपोआप उलगडेल.

शेवटी मुलांना गावाच्या शिवेपर्यंत न्यावे. ओढा कोठे वाहतो, कोणते तळे बुजले, घरे कोठे वाढली, याचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा. यांतील कित्येक मुले उद्या शहरात राहतील, काही शहरे बांधतीलही. घर बांधण्यापूर्वी पाण्याची वाट विचारावी, एवढी सवय त्यांना शाळेत लागली, तर शिक्षकाच्या श्रमाचे चीज झाले असे समजावे.